तिसऱ्यांदा पाहिलेली होडी

"ताई, होडी कुठलीही घ्या. पण काकांना आता एकटं पाठवू नका माझ्याकडं."

इस्माईलभाई परकार हे बोलले तेव्हा त्यांच्या हातात रंधा होता आणि माझं लक्ष त्यांच्या मागे पालथ्या घातलेल्या होडीच्या तळाकडे होतं. तळाला एक बारीक रेघ दिसत होती. ती चीर आहे की रंगाचा ओघळ, हे ठरवण्यात मी गुंतले होते.

"का हो, त्रास देतात?"

"त्रास कसला. तीनदा आले, तीनदा हीच होडी बघितली. लांबी किती, फळी कुठली, शीड कोण शिवणार. मी तीनदा सांगितलं. काल म्हणाले, 'परकार, ही कधी आणलीस?'" इस्माईलभाईंनी रंधा बाजूला ठेवला. "म्हणून म्हटलं. जरा बघा त्यांच्याकडं."

"अप्पा वांगी घेतानासुद्धा अख्खी टोपली उपसतात," मी म्हटलं. "नातवंडांची होडी आहे, दहादा येतील. ही चीर कसली?"

इस्माईलभाईंनी खाली वाकून नखानं ती रेघ उचलली. ब्रशाचा केस होता, रंगात चिकटलेला.

"घ्या तुमची चीर," ते म्हणाले.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते आणि स्वतःला फार सावध समजत होते.

अप्पा म्हणजे माझे सासरे, वासुदेव मुरकर. चौतीस वर्षं मुंबई बंदरात सारंग होते. बाहेरून येणाऱ्या मोठ्या जहाजावर वाटाड्या, म्हणजे पायलट, पोचवणारी जी लाँच असते, ती चालवायचे. निवृत्त झाल्यावर वेळवणला, खाडीकाठच्या आपल्या घरात येऊन राहिले. सासूबाई गेल्यानंतर तीन वर्षं ते तिथं एकटेच होते. सुहास, माझा नवरा, पुण्याला कारखान्यात. आम्ही दिवाळीला आणि मेमध्ये जायचो. त्या दिवाळीत सुहास चार दिवस राहून परत गेला आणि मी मुलांना घेऊन शाळा सुरू होईपर्यंत थांबले, कारण अप्पांनी हट्टच धरला होता. रेवा दहाची झाली, ओजस सहाचा. आता त्यांना शीड धरायला शिकवायचं. सुहासला शिकवायचं राहून गेलं, तो लहान असताना अप्पा कायम ड्यूटीवर.

मी सोलापूरची. आमच्या नळाला पाणी चार दिवसांनी यायचं, त्यात कोणी बुडाल्याचं ऐकिवात नव्हतं. रसायनशास्त्रात पदवी घेऊन पाच वर्षं प्रयोगशाळेत काम केलेलं, त्यामुळे बाटली उघडण्याआधी तिच्यावरची चिठ्ठी दोनदा वाचायची सवय. मुलं झाल्यावर ही सवय अंगभर पसरली. द्राक्षं उभी चिरून देणारी आई मी. मुलं झोपली की श्वास चालू आहे ना, म्हणून नाकापाशी बोट धरणारी. अशा बाईला सासरे म्हणतात, चल, मुलांसाठी होडी बघू.

होड्या तीन होत्या. एक सागवानी, गावातल्या एका घरात वीस वर्षं माडाखाली पडलेली. दिसायला देखणी, पण इतकी जड की उलटली तर पुन्हा सरळ कोण करणार? दुसरी मुंबईच्या कुठल्याशा क्लबातून आलेली, फायबरची, न्हाणीतल्या टबासारखी. तिच्यात एकच मूल मावत होतं. माझं मूल एकटं पाण्यात आणि मी काठावर, हे मला स्वप्नातही चाललं नसतं. तिसरी इस्माईलभाईंनी स्वतः बांधलेली. अकरा फुटी, प्लायवूडची, हलकी. बसायच्या फळ्यांखाली चारी बाजूंनी बंद पेट्या होत्या. त्यांत हवा राहते, म्हणून होडी पाण्यानं भरली तरी बुडत नाही, असं ते म्हणाले.

"बुडवून दाखवा," मी म्हटलं.

"काय?"

"पाण्यात नेऊन भरा आणि दाखवा."

इस्माईलभाई अप्पांकडे वळले. "काका, चाळीस वर्षं होड्या विकतोय. पोरगी पसंत करताना तिला विहिरीत ढकलून बघणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा आलं."

अप्पा मिशीत हसले. "सून आहे माझी. बुडव म्हणते ना, बुडव."

बुडवली. कमरेएवढ्या पाण्यात नेऊन दोघा गड्यांनी ती आडवी केली, काठोकाठ भरली, मग त्यात रेवाला आणि ओजसला बसवलं. होडी खाली गेली, पाणी मुलांच्या पोटाला लागलं आणि तिथंच थांबली. मुलं खिदळत होती. मी काठावर उभी राहून घड्याळ लावलं होतं. पंधरा मिनिटं. नंतर जाकिटांची पाळी. ती घालून दोघांना पाण्यात सोडलं, खांद्याच्या पट्ट्या ओढून पाहिल्या, प्रत्येकाच्या गळ्यात एकेक शिट्टी बांधली. अप्पांसाठीही एक जाकीट आणलं होतं मी.

"सारंगानं जाकीट घालायचं म्हणजे आचाऱ्यानं लग्नाला घरून डबा आणायचा," असं म्हणून त्यांनी ते फळीवर टाकलं आणि उशीसारखं त्याच्यावर बसले.

माझी एकच अट उरली. मी बरोबर असल्याशिवाय मुलं होडीत पाय ठेवणार नाहीत. मला पोहता येत नव्हतं, म्हणजे मी असून काय उपयोग, हा प्रश्न अप्पांनी विचारला नाही. म्हणाले, "ये की. वजन लागतंच मध्यभागी."

शिकवणी षष्ठीला सुरू झाली. रोज दुपारी तीनला. निघण्याआधी अप्पा धक्क्यावर उभे राहून रेवाला विचारायचे, "आज तिथी कुठली?"

"षष्ठी."

"तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. सहाची पाऊणपट?"

"साडेचार."

"म्हणजे साडेचारला खाडी पूर्ण भरणार. तोवर पाणी आत येत राहणार. आपण चुकलो, दमलो, झोपलो, तरी ते आपल्याला घराकडंच ढकलणार. समुद्राकडं नाही. लहान मुलांना घेऊन जायचं ते नेहमी चढत्या पाण्यावर. काय?"

"चढत्या पाण्यावर."

मला हे फार आवडलं होतं. हिशोब होता, नियम होता. भीती वाटणाऱ्या माणसाला नियमासारखं औषध नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. पहिले दोन दिवस अप्पांनी शिडाला हातच लावू दिला नाही. नांगर एके नांगर. दोरीचं टोक आधी होडीच्या कडीला बांध, ओढून बघ, मग नांगर सोड, मग दोरी सोडत जा, खोलीच्या पाचपट. रेवानं तो शंभरदा टाकला आणि शंभरदा उचलला असेल. तिचे तळवे लाल झाले.

"अप्पा, शीड कधी?" मीच विचारलं. "ती कंटाळेल."

"कंटाळू दे. आधी थांबता आलं पाहिजे. चालता कोणालाही येतं."

तिसऱ्या दिवशी शीड उभारलं. शिडाची दोरी, तिला अप्पा दामण म्हणत, रेवाच्या हातात दिली. एकादशीपर्यंत पोरगी खाडीत आडवी-उभी होडी फिरवायला लागली. अप्पा सुकाणूवर, रेवा दामणीवर, ओजस पुढं टोकाशी, मी मध्यभागी, वजन म्हणून. मला अजून रोज मळमळायचं, पण पहिल्या दिवसासारखं देवाचं नाव घेत नव्हते. त्यानंतर तीन दिवस पाण्यावर गेलो नाही. तुळशीचं लग्न झालं, मग ओजसला थोडा ताप आला.

त्रिपुरी पौर्णिमेला सकाळी त्याचा ताप उतरला. मी त्रिपुरवात तुपात भिजत घातली होती, संध्याकाळी देवळात लावायला. साडेसातशे सुतांची जाडजूड वात. वेळवणला त्या संध्याकाळी सगळं गाव दीपमाळेपाशी जमतं.

"आज जायचं ना?" मुलं मागे लागली.

"जाऊ या, पण लवकर," मी म्हटलं. "जेवून लगेच. संध्याकाळी देवळात जायचंय, अप्पा."

"हो, जाऊ की. पौर्णिमेला दीपमाळ चुकवायची नाही," अप्पा म्हणाले. त्यांनी टोपी घातली, धक्क्यावर आले, पाण्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आज अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. बाराला सुकती, म्हणजे ओहोटी, संपली, आता संध्याकाळी सहापर्यंत पाणी चढतं. बघ कशी भरत आलीये खाडी."

खाडी खरंच तुडुंब दिसत होती. साडेबारा वाजले होते.

रेवा म्हणाली, "आजोबा, आज पौर्णिमा ना? पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भरती झाली."

अप्पांच्या कपाळाला आठी पडली. मी ती पाहिली आणि रेवाच्या दंडाला चिमटा काढला. "आजोबांना शिकवू नकोस. चौतीस वर्षं पाण्यावर होते ते."

बोटाला तुपाचा वास येत होता माझ्या. तासापूर्वी मी पौर्णिमेची वात भिजवली होती. तरी मी हे बोलले.

जाकिटं तपासली, पट्ट्या ओढल्या, शिट्ट्या वाजवून पाहिल्या. निघालो.

वारा जवळजवळ नव्हताच. शीड सैल लोंबत होतं. अप्पा खुशीत होते, ओजसला मुंबईतल्या कुठल्या इटालियन कप्तानाची नक्कल करून दाखवत होते. मी काठाकडे बघत बसले होते. बर्फाचा कारखाना गेला. थोड्या वेळानं मच्छीमार सोसायटीची पत्र्याची शेड गेली. मला बरं वाटत होतं की होडी इतकी संथ चाललीये. मग लक्षात आलं, शीड तर हलत नाहीये. मग शेड कशी मागे गेली?

"अप्पा, आपण बाहेरच्या बाजूला चाललोय का?"

"छे गो. भरती आहे."

मध्ये तीन मोठ्या होड्या नांगरून ठेवल्या होत्या. आम्ही त्यांच्या शेजारून गेलो, जरा जास्तच वेगानं.

"आई," रेवा हळूच म्हणाली, "त्या होड्यांची तोंडं बघ. गावाकडं आहेत."

"मग?"

"नांगरलेली होडी, पाणी जिथून येतं तिकडं तोंड करते. आजोबांनीच सांगितलंय. पाणी गावाकडून येतंय. ही ओहोटी आहे."

पौर्णिमेची ओहोटी. वेळवणच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. भरतीला तो दिसत नाही. ओहोटीला अख्ख्या खाडीचं पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर धावतं आणि दांड्यावर समुद्राच्या लाटांना भिडतं. तिथं गेलेल्या दोन माणसांची नावं धक्क्यावरच्या दगडावर कोरलेली आहेत. मी ती रोज वाचायची.

"अप्पा, वळवा," मी म्हटलं. "अप्पा, ऐकताय ना?"

अप्पा त्या नांगरलेल्या होड्यांकडे बघत होते. खूप वेळ. मग त्यांनी सुकाणू धरलेल्या स्वतःच्या हाताकडे बघितलं, मग काठाकडे, मग माझ्याकडे. चेहरा शांत होता, आदबशीर. एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला विचारावं तसं त्यांनी विचारलं,

"बाई, ही कुठली खाडी?"

त्यांनी मला कधी बाई म्हटलं नव्हतं.

"अप्पा, मी शलाका."

"बरं बरं," ते म्हणाले. त्यांना काही कळलं नव्हतं.

पुढून आवाज यायला लागला होता, वाळू पत्र्यावर ओतल्यासारखा. पांढरी रेघ दिसत होती, वाढत होती. मी वल्हं उचललं आणि पाण्यात घातलं. होडी नुसती गोल फिरली. पुन्हा घातलं, पुन्हा गोल. ओजस रडायला लागला. शिट्टी तोंडात धरून रडत होता, त्यामुळे प्रत्येक हुंदक्याला ती वाजत होती. ऐकणारं कोणी नव्हतं. सगळं गाव देवळात झाडलोट करत होतं.

"आई, वल्हं ठेव. वारा नाही, उपयोग नाही. नांगर." रेवा पुढं सरकली. "ओजस, तू आईकडं जा. रांगत जा, उभा राहू नको."

तिनं आधी दोरीचं टोक कडीला बांधलं आणि ओढून पाहिलं. त्या तेवढ्या दोन क्षणांत मला वाटलं, मी हिला मारते आता. टाक ना, टाक. मग तिनं नांगर सोडला आणि दोरी सोडत गेली, ओठ हलत होते, मोजत होती.

होडी थांबली नाही. नांगर वाळूतून घासत येत होता, त्याचे धक्के फळीतून पायांना लागत होते. पांढरी रेघ आता रेघ राहिली नव्हती. एकेक लाट वेगळी दिसत होती, उभी राहून जागीच कोसळणारी. मग एक जोराचा हिसका बसला, होडीचं तोंड गर्रकन गावाकडे वळलं आणि दोरी तारेसारखी ताठ झाली. थांबलो. मागे शंभर पावलांवर लाटा फुटत होत्या.

आणि अप्पा उभे राहिले.

अकरा फुटी होडीत उभं राहायचं नसतं. ओजसनंही हे पाठ केलं होतं. होडी एका अंगाला कलली, पाणी आत आलं.

"बसा. अप्पा, बसा खाली."

"माझी लाँच येतेय," ते म्हणाले. "पायलट खोळंबलाय. मी उतरतो इथंच." त्यांनी एक पाय होडीच्या काठावर ठेवला.

त्यांच्या अंगात जाकीट नव्हतं. मी एका हातानं ओजसला धरलं होतं. दुसऱ्या हातानं अप्पांच्या पँटचा पट्टा पकडला. ते ओढत होते, सत्तर वर्षांचा माणूस, पण दोरखंड ओढलेले हात होते ते. माझ्या मनात एकच विचार आला आणि तो मी आजवर कोणाला सांगितलेला नाही. सोडून द्यावा हा पट्टा. होडी हलकी होईल, उलटणार नाही, मुलं वाचतील. बोटं सैल झाली माझी. किती झाली, कोण जाणे.

"सारंग," रेवाचा आवाज आला. ओरडली नाही ती. शाळेत बाईंच्या हाताखालची मॉनिटर बोलते, तसं बोलली. "सारंग, लाँच यायला वेळ आहे. तोवर सुकाणू कोण धरणार?"

अप्पांनी तिच्याकडे बघितलं. कोण ही पोरगी, हे त्यांना माहीत नव्हतं, ते स्पष्ट दिसत होतं. पण प्रश्न बरोबर होता. पाय आत आला. ते खाली बसले आणि त्यांनी सुकाणूचा दांडा हातात घेतला.

"धरलं," ते म्हणाले.

किती वेळ तसे बसलो, सांगता येणार नाही. रेवा म्हणते, अर्धा तास. मी डब्यानं पाणी उपसत होते आणि त्या दोरीकडे बघत होते. जिथं ती काठावर घासत होती तिथं एक सूत तुटून उभं राहिलं, मग दुसरं. मग मानेच्या मागे गार वाटलं. दुपारचा खारा वारा समुद्राकडून उठला होता. पाठीमागच्या लाटा त्यानं आणखी उंच झाल्या, पण शीडही एकदम फुगलं आणि ताठ दोरी सैल पडली.

"आई, नांगर ओढ. जोरात."

मी ओढला. तळवे सोलले गेले, ते घरी गेल्यावर कळलं. रेवानं दामण आवळली. होडी ओहोटीच्या विरुद्ध, इंचाइंचानं, गावाकडे निघाली. मागून एक लाट आली की तिचं ढुंगण उचललं जायचं आणि ती आडवी व्हायला बघायची. पण आडवी झाली नाही. अप्पांचा हात हलत होता, दोन बोटं इकडं, दोन बोटं तिकडं. लाटेकडे ते वळूनही बघत नव्हते.

"दामण ढील दे," ते म्हणाले. "हां. आता आवळ. छान करतेस. कोणाची मुलगी तू?"

"मुरकरांची," रेवा म्हणाली.

"चांगलं घर आहे."

तेव्हा रडली ती, आवाज न करता, दामण न सोडता.

धक्क्याला लागलो. ओजसला मी वर फेकल्यासारखंच ठेवलं. रेवानं होडी बांधली. अप्पा पायऱ्या चढून आले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "का गो शलाके, पांढरी का पडलीस? मळमळलं का आज पण?"

परत आले होते ते. आणि मी, ज्या बाईनं तासापूर्वी पट्टा सैल सोडला होता ती, म्हणाले, "पुन्हा माझ्या मुलांना हात लावायचा नाही. मारायला निघाला होतात तुम्ही त्यांना."

ते मुलांसमोर बोलले मी. त्यांनी विचारलं नाही की काय झालं. मान खाली घातली आणि घराकडे चालू लागले. मी त्यांच्या मागे चालले, दहा पावलं अंतर ठेवून.

संध्याकाळी मुलं शेजारच्या काकूंबरोबर देवळात गेली. मी गेले नाही. अप्पा ओटीवर बसले होते.

"शलाका, मी काय केलं आज? सांग. काही गाळू नको."

मी सांगितलं. पट्ट्याचं सोडून सगळं.

"बाई म्हटलं तुला?"

"हो."

"वर्ष झालं," ते म्हणाले. "आधी गॅस चालू राहायचा. मग एकदा बाजारातून घराची वाट सापडेना. परकाराच्या कामाच्या जागी जाऊन बसलो, ओळखीची जागा म्हणून. कोणाला बोललो नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर मुलं पाठवली असतीस?"

"नसती."

"म्हणून."

"माझी मुलं होती त्यात, अप्पा. माहीत असून नेलंत?"

"माहीत होतं म्हणून नेलं. आहे तोवर देऊन टाकावं म्हटलं. सुहासला द्यायचं राहिलं, ह्यांना तरी मिळू दे. रोज वाटायचं, आजचा दिवस निभेल." ते माझ्याकडे बघत नव्हते. "भीती मलाही होती गो. तुझ्याहून जास्त. म्हणून त्या पोरीला शीड नंतर दिलं. आधी नांगर दिला."

देवळाकडून घंटा ऐकू येत होती. मी म्हटलं, "चहा ठेवू?" ते म्हणाले, "ठेव."

त्यानंतर आम्ही त्यांना पुण्याला आणलं. चार वर्षं ते आमच्याकडे होते. शेवटची दोन मी त्यांच्यासाठी बाईच होते, पण चांगली बाई. असं ते सुहासला सांगायचे. धक्क्यावर बोललेल्याची माफी मी मागितली, पुष्कळदा. तोवर त्यांना धक्का आठवत नव्हता.

मी त्या दिवाळीत होडीचा तळ पाहिला, पेट्या पाहिल्या, पट्ट्या, दोऱ्या, शिट्ट्या पाहिल्या. एका माणसाकडे बघायचं राहिलं, कारण बाकी सगळं त्याच्या भरवशावर होतं.

तुमचंही कोणी गावाकडं एकटं असेल. दर रविवारी तुम्ही फोन करत असाल. आम्हीही करायचो. अप्पा मासळीचा भाव सांगायचे, मुलांचे मार्क विचारायचे, सुहासच्या साहेबाची टर उडवायचे. सगळं जिथल्या तिथं. दहा मिनिटं कोणीही निभावून नेतं. पाहुणे म्हणून दिवसभरासाठी गेलात तर तोही निभावतील, चहा करतील, हसतील, तुम्हाला एस.टी.त बसवून देतील. तेव्हा राहायच्या तयारीनं जा. त्यांच्या मागे मागे स्वयंपाकघरात जा, बाजारात जा, काही विचारू नका, चुकले तर रागावू नका. नुसते सोबत राहा आणि बघा. येत्या शनिवारीच जा. आणि दोन रात्री राहा. एक पुरत नाही.